कोठावळ्याची चिठ्ठी



नागपूरच्या महाल भागात उभं राहून शरीराच्या वाढीवर बोलायचं तर दाखल्यासाठी लांब जावं लागत नाही. हा सगळा परिसर भोसल्यांच्या वाड्याभोवती वसलेला. मराठेशाहीच्या कारभारात हुकूम सुटे वाड्यातून, पण धान्य सुटे कोठीतून. आणि कोठीवरचा कोठावळा शिल्लक पाहूनच चिठ्ठी लिही. हुकूम कितीही मोठा असो, कोठीत दाणा नसेल तर पंगत बसणार कशी? माणसाच्या शरीरातही वाढीचा हुकूम एका ठिकाणाहून निघतो आणि चिठ्ठी दुसरीकडे लिहिली जाते. हुकूम देते ती मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी. तिचा हुकूम म्हणजे वाढीचं संप्रेरक. चिठ्ठी लिहितं ते मुख्यतः यकृत. आणि ही चिठ्ठी म्हणजे इन्शुलिनसदृश वाढघटक, ज्याला वैद्यकात थोडक्यात आयजीएफ म्हणतात. आज मला मांडायचं आहे ते हे, की आयजीएफ हा शरीरातल्या शिल्लकीचा प्रामाणिक दाखला आहे. तो कमी भरला म्हणून त्यातला आकडा खोडून मोठा लिहिल्याने उपचार होत नाही. कोठी भरावी लागते, आणि ती भरायची वेळ आपण समजतो त्याच्या बरीच आधी येते.

हा विषय प्रयोगशाळेपुरता असता तर तो घेऊन मी आपल्यासमोर आलो नसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. आपल्या विदर्भात, गडचिरोलीत, ‘सर्च’ संस्थेने १९९५-९६ मध्ये घरोघरी जाऊन नवजात बाळांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ४२ टक्के बाळांचं जन्मवजन अडीच किलोंपेक्षा कमी होतं. दुसरीकडे याच महाराष्ट्रात मधुमेह चाळिशीच्या आत घरात शिरू लागला आहे. उपासमार आणि मधुमेह ही दोन टोकं एकाच दोरीची आहेत हे दाखवणारं काम पुण्यात झालं. त्याकडे मी येणार आहेच. पण आधी ही चिठ्ठी सापडली कशी आणि ती वाचली कशी जाते, हे पाहावं लागेल.

१९५७ साली अमेरिकेतल्या सेंट लुई इथे सॅमन आणि डॉघडे या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. पीयूषिका ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांची कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकाशी असलेलं मऊ हाड, त्यांनी घेतली. वाढणारी कूर्चा सल्फेट शोषून घेते, म्हणून किरणोत्सारी सल्फेट किती शोषलं जातं यावरून वाढ मोजता येते. या कूर्चेत त्यांनी वाढीचं संप्रेरक घातलं, तर फारसं काही घडलं नाही. धडधाकट उंदराच्या रक्ताचा द्रव घातला, तर सल्फेट भराभर शोषलं गेलं. ग्रंथी काढलेल्या उंदराच्या रक्तात हा गुण नव्हता. पण त्या उंदराला आधी वाढीचं संप्रेरक टोचून मग त्याचं रक्त घेतलं, तर तो गुण परत आला. अर्थ उघड होता. हुकूम स्वतः हाडापर्यंत जाऊन काम करत नव्हता, मध्ये कुणीतरी दुसरा होता. त्याच सुमारास झुरिकमध्ये फ्रोएश आणि त्यांचे सहकारी वेगळ्याच कोड्यात पडले होते. रक्तात इन्शुलिनसारखं काम करणारं जे काही असतं, त्यातला थोडाच भाग इन्शुलिनविरोधी प्रतिपिंडांनी थांबत होता. उरलेला थांबत नव्हता. म्हणजे इन्शुलिनचं काम करणारं, पण इन्शुलिन नसलेलं असं काही रक्तात होतं. वाढीचा मध्यस्थ शोधणारे आणि साखरेचा हिशेब लावणारे असे दोन गट वर्षानुवर्षं आपापल्या वाटेने चालले आणि शेवटी एकाच दाराशी आले. १९७८ मध्ये झुरिकच्याच रिंडरक्नेख्ट आणि हुंबेल यांनी दोन प्रथिनांची पूर्ण रचना प्रसिद्ध केली. आयजीएफ-१ मध्ये ७० अमिनो आम्लं आणि आयजीएफ-२ मध्ये ६७. दोघांची घडण इन्शुलिनच्या मूळ साखळीशी जवळची. इन्शुलिन तयार होताना त्या साखळीचा मधला दुवा कापून टाकला जातो, आयजीएफमध्ये तो तसाच राहतो. साखर सांभाळणारं रेणूकुळ आणि वाढ सांभाळणारं रेणूकुळ एकच निघालं, ही गोष्ट माझ्या मते या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची आहे. आज खाल्लेलं कुठे खर्ची घालायचं आणि उद्यासाठी शरीर किती बांधायचं, हे दोन्ही निर्णय त्यामुळे एकाच घरात होतात.

चिठ्ठी लिहिली गेली तरी ती रक्तात मोकळी फिरत नाही. रक्तातलं आयजीएफचं प्रमाण इन्शुलिनच्या शेकडो पटींनी जास्त असतं. ते सगळं मोकळं असतं तर साखर क्षणात खाली कोसळली असती. म्हणून त्याला धरून ठेवणारी सहा बंधक प्रथिनं आहेत. बहुतांश आयजीएफ त्यांपैकी तिसऱ्या प्रथिनाला आणि यकृतातून येणाऱ्या आणखी एका प्रथिनाला बांधलेलं असतं. हे तिघांचं गाठोडं आकाराने इतकं मोठं, की ते सहसा रक्तवाहिनीबाहेर पडत नाही. मोकळा आयजीएफ रेणू दहाएक मिनिटांत नाहीसा होतो. गाठोड्यातला बारा-पंधरा तास टिकतो. इन्शुलिनचा आकडा दर जेवणाला वरखाली होतो, आयजीएफचा दिवसभर जवळजवळ स्थिर राहतो, तो यामुळे. इन्शुलिन या जेवणाची खबर देतं. आयजीएफ गेल्या काही दिवसांची, आठवड्यांची शिल्लक सांगतं.

चिठ्ठी वाचणारा पेशीच्या पृष्ठभागावर असतो. त्याला रिसेप्टर किंवा ग्राही म्हणतात. आयजीएफ-१ चा ग्राही चार तुकड्यांचा असतो. दोन तुकडे पेशीबाहेर, दोन पेशीच्या पटलातून आरपार आत गेलेले, आणि चौघं गंधकाच्या बंधांनी एकमेकांना जखडलेले. बाहेरच्या भागात आयजीएफ बसलं की साऱ्या ग्राहीची ठेवण बदलते, आतले दोन पाय जवळ येतात आणि एकमेकांच्या टायरोसीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवतात. त्या फॉस्फेटच्या खुणेवर आतली प्रथिनं येऊन चिकटतात आणि निरोप दोन वाटांनी पुढे जातो. एका वाटेने पेशीला जगण्याची, प्रथिनं बांधण्याची परवानगी मिळते. दुसऱ्या वाटेने विभागून दोन होण्याची. इन्शुलिनचा ग्राही याचा सख्खा भाऊच. इतका, की एका ग्राहीचा अर्धा भाग आणि दुसऱ्याचा अर्धा भाग जोडून संकरित ग्राहीही बनतात आणि ते आयजीएफलाच जास्त मान देतात. पण माझ्या मुद्द्यासाठी याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. निरोप पेशीत पोचला तरी प्रथिनं बांधायचं काम लगेच सुरू होत नाही. एमटॉर नावाची यंत्रणा पेशीतल्या अमिनो आम्लांचा साठा तपासते, आणि तो पुरेसा असेल तरच काम पुढे सरकतं. शिल्लक एकदा यकृतात तपासली जाते आणि पुन्हा एकदा प्रत्येक पेशीच्या दारात. निसर्गाने इतकी खबरदारी ज्या व्यवहारात घेतली, तो व्यवहार बाहेरून एका सुईने उरकेल असं मानणं मला कठीण जातं.

आयजीएफ-२ ची कथा वेगळी आहे. ते मुख्यतः गर्भातल्या वाढीचं आहे. उंदरांत त्याचा जीन बंद पाडला तर पिल्लू नेहमीच्या सुमारे ६० टक्के वजनाचं जन्मतं. १९९१ मध्ये आणखी एक विलक्षण गोष्ट कळली. आयजीएफ-२ चा जीन आई आणि बाप दोघांकडून येतो, पण बहुतेक ऊतींत चालतो तो फक्त बापाकडचा. आईकडच्या प्रतीवर जणू मोहोर लावून ती मिटून ठेवलेली असते. आयजीएफ-२ चा जो स्वतंत्र ग्राही आहे, तो वाढीचा निरोप देतच नाही. आयजीएफ-२ ला पकडून पेशीच्या आत नेऊन नष्ट करतो. आणि उंदरांत या ग्राहीचा जीन चालतो तो आईकडचा. बापाचा जीन गर्भाला मोठं करू पाहतो आणि आईचा जीन त्याला आवरतो, कारण या गर्भावर होणारा खर्च आईच्या शरीरातून जातो आणि तिला पुढची बाळंतपणंही पार पाडायची असतात. या अर्थावर शास्त्रज्ञांत वाद आहेत, पण जीनची ही वागणूक वादातीत आहे. मोहोर अढळ असते असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला. त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या आयजीएफ-२ च्या जीनवरच्या रासायनिक खुणा साठ वर्षांनी तपासल्या, तेव्हा त्या त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा कमी आढळल्या. आईच्या उपासाची नोंद लेकराच्या जीनवर सहा दशकं टिकून होती.

आता उपासमारीकडे येऊ. कुपोषित मुलात वाढ खुंटते, म्हणजे वाढीचं संप्रेरक कमी पडत असेल, असा सरळ तर्क कुणीही करील. मोजमाप नेमकं उलटं सांगतं. सुजलेल्या, सुकलेल्या मुलांच्या रक्तात वाढीचं संप्रेरक पुष्कळदा जास्त असतं आणि आयजीएफ कमी. हे दक्षिण आफ्रिकेत दिसलं, आणि १९७९ मध्ये आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनीही कुपोषित मुलांत या घटकाची क्रिया मंदावलेली दाखवली. वाड्यातून हुकूमावर हुकूम सुटतात, पण कोठावळा चिठ्ठी देत नाही. यकृत हा हुकूम कानाआड का करतं? अन्न कमी म्हणून इन्शुलिन कमी. इन्शुलिन कमी म्हणून यकृतावरचे वाढ-संप्रेरकाचे ग्राही कमी आणि त्यांच्यामागची यंत्रणा थंड. हा बिघाड नव्हे. ज्या दिवसांत हृदय, मेंदू आणि तापाशी झुंजणारी प्रतिकारशक्ती यांनाच पुरेसं मिळत नाही, त्या दिवसांत हाडं लांबवणं म्हणजे घरात उद्याचं पीठ नसताना माडी चढवणं. मूल खुजं राहून जगतं. मराठीत मूल मोठं होण्याला आणि ताटात अन्न घालण्याला एकच क्रियापद आहे, वाढणं. शरीरशास्त्राने या भाषेला दुजोरा दिला आहे.

इथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. १९९९ मध्ये दोन गटांनी असे उंदीर तयार केले की ज्यांच्या यकृतातच आयजीएफ-१ चा जीन बंद होता. रक्तातलं आयजीएफ-१ सुमारे तीन चतुर्थांशाने घटलं, तरी उंदीर जवळजवळ नेहमीसारखे वाढले. मग यकृत हा कोठावळा कसला? आक्षेप खरा आहे आणि माझा दाखला त्याने सुधारावा लागतो. हाडाच्या वाढपट्टीतल्या पेशी स्वतःही आयजीएफ बनवतात, आणि वाढीचं संप्रेरक तिथे थेटही काम करतं. थोरल्या कोठीशिवाय गावोगाव लहान कोठ्या आहेत, असं म्हणू. पण त्या उंदरांना पोटभर खायला मिळत होतं, हे विसरून चालणार नाही. त्या प्रयोगात चिठ्ठी लिहिणारा एक हात काढला होता, धान्य तसंच होतं. उपासमारीत थोरल्या आणि धाकट्या सगळ्याच कोठ्यांवर एकदम टाच येते. तेव्हा या प्रयोगाने वाढ कुठे लिहिली जाते याविषयीची आपली समजूत बदलली. ती कशावर ठरते याविषयीची बदलली नाही.

आता पुणे. केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी, तसेच इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल, यांनी तीन दशकांहून अधिक काळ एका प्रश्नाचा पाठपुरावा केला. जन्मतः लहान असलेल्या आपल्या मुलांचं पुढे होतं काय? पुण्यातल्या चार वर्षांच्या मुलांचं आयजीएफ-१ त्यांनी मोजलं आणि १९९५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. उंच आणि जड मुलांत ते जास्त होतं, हे अपेक्षितच. पण आजची उंची आणि वजन हिशेबात घेतल्यावर दिसलं, की जन्मतः हलकी असलेली मुलं आयजीएफ-१ जास्त बाळगून आहेत. गर्भात टंचाई सोसलेलं शरीर, पुढे अन्न मिळू लागताच, वाढीची चिठ्ठी मोठी लिहू लागलं होतं. ही मुलं आठ वर्षांची झाली तेव्हा डॉ. आशिष बावडेकर आणि सहकाऱ्यांनी ४७७ मुलं तपासली आणि १९९९ मध्ये निष्कर्ष मांडला. इन्शुलिनला न जुमानण्याची वृत्ती, चढा रक्तदाब, बिघडलेला मेद हे सगळं सर्वांत जास्त होतं ते जन्मतः हलक्या आणि आठव्या वर्षी जड झालेल्या मुलांत. दिल्लीत १,४९२ तरुणांच्या बालपणापासूनच्या नोंदी पाहून २००४ मध्ये हाच नकाशा समोर आला. ज्यांना विशी-तिशीत मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था गाठते, ते दोन वर्षांपर्यंत इतरांपेक्षा बारीक असतात आणि मग त्यांचं अंग लवकर भरू लागतं.

त्याहून बोलकी गोष्ट जन्मक्षणी दिसली. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या पुणे मातृपोषण अभ्यासात मातांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन सुमारे ४२ किलो होतं. अठराव्या आठवड्यात त्यांच्या रोजच्या आहारात प्रथिनं सरासरी ४५ ग्रॅमच्या घरात. बाळं सरासरी २.७ किलोंची, साउदॅम्प्टनची साडेतीन किलोंची. पण ही ८०० ग्रॅमची तूट सगळीकडे सारखी नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव फार लहान होते. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ साउदॅम्प्टनच्या बाळाइतकीच. वरून रोड, आतून मेदस्वी. याज्ञिकांनी त्याला रोड-मेदस्वी बाळ म्हटलं. पुण्याच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात इन्शुलिनही आकाराच्या मानाने जास्त आढळलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी दोघांचंच छायाचित्र छापलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३; युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्या वजनकाट्याला काय दिसत नाही, हे त्या एका चित्राने सांगितलं. माझ्या मुद्द्याशी याचा संबंध असा. आयजीएफ-१ च्या ग्राहीवर स्नायू आणि हाडं वाढतात, आणि त्यासाठी प्रथिन लागतं. इन्शुलिनवर चरबी साठते, आणि त्यासाठी नुसती ऊर्जा पुरते. ज्या गर्भाला कर्बोदकं मिळाली पण प्रथिन, लोह, जस्त आणि जीवनसत्त्वं मिळाली नाहीत, त्याने असलेल्या मालातून जे बांधता आलं ते बांधलं. हे माझं अनुमान आहे, पण वरचे आकडे त्याला धरून आहेत.

आपल्याकडची माणसं मुळातच बुटकी, तो आनुवंशिक गुण आहे, हा आक्षेप मी अनेक सुशिक्षितांच्या तोंडून ऐकतो. उंचीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे कुणी नाकारत नाही. पण दोन माणसांमधला फरक आणि दोन समाजांमधला फरक ही वेगळी गणितं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये बालवाढीची नवी मानकं काढली, तेव्हा दिल्लीतल्या सुस्थित, स्तनपानावर वाढलेल्या मुलांची लांबी ओस्लो, मस्कत, आक्रा, पेलोतास आणि कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या मुलांच्या बरोबरीची निघाली. दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची सरासरी उंची शंभर वर्षांत २० सेंटिमीटरने वाढली. शंभर वर्षांत जीन बदलत नाहीत. ताट बदलतं.

दुसरा आक्षेप उपायांचा आहे. आयजीएफ कमी आहे हे कळलं, ते औषध म्हणून बनवताही येतं, मग ते का देऊ नये? ते दिलं जातं, पण कुणाला हे पाहा. १९६६ मध्ये इस्राएलचे झ्वी लॅरोन यांनी अशा मुलांचं वर्णन केलं, ज्यांच्यात वाढीचं संप्रेरक भरपूर असूनही आयजीएफ बनत नाही, कारण त्या संप्रेरकाचा ग्राहीच सदोष असतो. अशा थोड्या मुलांसाठी २००५ मध्ये अमेरिकेत आयजीएफ-१ च्या इंजेक्शनला मान्यता मिळाली. ते जेवणाबरोबरच टोचावं लागतं, नाहीतर साखर कोसळते. आणि त्या औषधाच्या अधिकृत सूचनापत्रकातच लिहिलेलं आहे, की कुपोषणाने आयजीएफ कमी असलेली मुलं या उपचारात बसत नाहीत. औषध बनवणाऱ्यांनाही कळतं की रिकाम्या कोठीवर मोठी चिठ्ठी लिहिली तर धान्य उत्पन्न होत नाही. मग उंची वाढवण्याची भुकटी म्हणून जे बाजारात विकलं जातं, त्याबद्दल वेगळं काय बोलावं? व्यायामशाळांत तरुण पोरं स्नायूंसाठी ज्या सुया टोचून घेतात, त्यात हेही द्रव्य असतं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने त्यावर बंदी घातलेली आहे, आणि पालकांनी ही गोष्ट पोरांच्या कानावर घालावी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. आयजीएफ कमी असणं चांगलंच नाही का? एक्वादोरमधल्या लॅरोन विकाराच्या ९९ जणांचा २२ वर्षांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात मधुमेह एकालाही नव्हता. कर्करोग एकालाच, आणि तोही जीवघेणा ठरला नाही. उंच माणसांत काही कर्करोग थोडे जास्त आढळतात, हेही खरं. पण या लोकांच्या पेशींना वाढीचा निरोप जन्मापासून एका जीनमुळे मिळत नाही. त्यांचं पोट रिकामं नव्हतं. उपासमारीने घटलेलं आयजीएफ एकटं येत नाही. त्याच्याबरोबर पंडुरोग येतो, न्यूमोनिया येतो, अभ्यासात मागे पडणं येतं. आणि ग्राही मुद्दाम बंद केला तर काय होतं, तेही पाहिलं गेलं आहे. कर्करोगावर ही कल्पना बहुतेक चाचण्यांत अपयशी ठरली. थायरॉइडच्या विकारात डोळे बाहेर येतात, त्यावर २०२० मध्ये या ग्राहीला अडवणारं औषध मान्य झालं, तर काही रुग्णांची साखर वाढली आणि काहींना ऐकू कमी येऊ लागलं. हा ग्राही फक्त बालपणाचा नाही.

मग पुण्याच्या अभ्यासाचा अर्थ असा घ्यायचा का, की हलक्या जन्मलेल्या मुलाला जपून, कमीच खाऊ घालावं? मुळीच नाही. दिल्लीसह पाच देशांतल्या जन्मनोंदींचा एकत्र अभ्यास २०१३ मध्ये झाला. पहिल्या दोन वर्षांत लांबी आणि वजन वाढलेली मुलं पुढे उंच झाली, जास्त शिकली, आणि त्यांना फारसा तोटा झाला नाही. तोटा झाला तो पुढच्या वर्षांत उंची तशीच राहून नुसतं वजन चढलं तेव्हा. म्हणून दोन वर्षांपर्यंत हात सैल ठेवावा आणि पुढे बिस्किटं, वेफर्स, गोड पेयं यांनी मूल ‘भरलं’ की समाधान मानू नये. अंगणवाडीत वजन होतं, तिथेच उंचीही काळजीने मोजली गेली पाहिजे. वजन वाढतंय आणि उंची थांबलीय, हा निकाल फक्त दोन आकड्यांतून निघतो. आणि काय खाऊ घालावं? डेन्मार्कमध्ये आठ वर्षांच्या मुलग्यांना सात दिवस दुधातून जादा प्रथिन दिलं, तेव्हा आयजीएफ-१ एकोणीस टक्क्यांनी वाढलं. तितकंच प्रथिन मांसातून दिलं तेव्हा वाढलं नाही. पुण्याच्या खेड्यांतही बाळाच्या आकाराशी नातं दिसलं ते आईच्या एकूण उष्मांकांचं नव्हे. दुधाचं, पालेभाजीचं आणि फळांचं.

यावर मुंबईत थेट प्रयोग झाला. डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी २००६ ते २०१२ दरम्यान झोपडपट्टीतल्या साडेसहा हजार स्त्रियांचे दोन गट केले आणि एका गटाला गर्भधारणेच्या आधीपासून पालेभाजी, फळ आणि दुधाचा रोजचा अल्पाहार दिला. सर्वांचा हिशेब धरता जन्मवजनात ठाम फरक दिसला नाही. ज्यांनी गर्भधारणेच्या निदान तीन महिने आधीपासून खाल्लं, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जड निघाली, आणि गरोदरपणातला मधुमेह दुसऱ्या गटात १२.४ टक्के, तर या अल्पाहाराच्या गटात ७.३ टक्के दिसला. अठ्ठेचाळीस ग्रॅम म्हणजे काहीच नाही, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारीन की त्या आयांचं स्वतःचं बालपण कुठल्या ताटावर गेलं होतं. त्यांची वार, त्यांच्या गर्भाशयाचा आकार, त्यांची उंची ही त्यांच्या आईच्या कोठीतून आलेली होती. तीन महिन्यांत एका पिढीचं देणं फिटत नाही. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गर्भवतीला एक वेळचं चौरस जेवण मिळतं, ते मोलाचं आहे, आणि ते बंद पडू देऊ नये. पण गरोदरपणाची नोंद होते तेव्हा आयजीएफ-२ च्या खुणा उमटून गेलेल्या असतात आणि वार रुजलेली असते. मेळघाटात, गडचिरोलीत आणि इथून चार पावलांवरच्या वस्त्यांतही, ज्या मुलीचं बाळ दहा वर्षांनी तोलायचं आहे ती आज सातवी-आठवीत आहे. तिच्यासाठी शाळेतलं जेवण आठवीवर थांबतं.

म्हणून सरकारकडे आणि महापालिकेकडे माझी मागणी आहे, की मुलींसाठी शाळेतलं जेवण बारावीपर्यंत न्यावं, त्यात अंडं किंवा दूध, पालेभाजी आणि फळ असावं, आणि प्रत्येक मुलीची उंची, वजन व हिमोग्लोबिन वर्षातून दोनदा नोंदवलं जावं. आणि आपल्याकडे, या सभेला आलेल्या प्रत्येकाकडे, एक विनंती. घरात सून किंवा लेक सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं जेवत असेल, तर आज रात्रीपासून तिला पहिल्या पंगतीला वाढा.